सदर लेखन माझे नाही

जागृतीच्या नावावर कॉलेजच्या कपाटात आज जे प्रोजेक्ट आहे, ते खडवलीच्या सहलीचं आहे. नदी, भिजलेले कपडे, भेळ, परतताना म्हटलेली गाणी. वीसपैकी चौदा मार्क, आणि ते मीच दिलेत. इतकं बेचव काहीतरी लिहायला त्या मुलीला किती कष्ट पडले असतील, हा विचार मी आजवर टाळत आलेय.

मी योगिनी. राहते नौपाड्यात आणि घरापासून चालत वीस मिनिटांवरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नवा अर्ज आणि विभागप्रमुखांच्या मर्जीकडे डोळे. इंग्रजीत एक तरी पुस्तक लिहायचं असं पंचविशीत ठरवलेलं. आता चाळिशी आली, आणि माझ्या हातून जे काही उतरतं ते फळ्यावर. अक्षर मात्र माझं सुंदर आहे. प्रमाणपत्रांवर नावं घालायची असली की सगळे माझ्याकडे धाव घेतात, आणि मला ते आवडतं.

जागृती कोपरहून यायची. शेवटून दुसरा बाक, भिंतीकडची जागा. घरची माणसं मूळची तिथलीच. आधी भातशेती आणि मिठागरं, आता त्याच जमिनीवर बिल्डिंगी. वडलांना सगळे पोपटशेठ म्हणतात. इंग्रजीत बोलायला उठवलं की ही दोन वाक्यांत तीनदा अडखळायची, म्हणून मी तिला मनातल्या एका खणात टाकून मोकळी झालेले. पास होईल, लग्न होईल, डिग्री फ्रेम करून हॉलमध्ये लागेल. शिक्षकांना असे खण लागतात, ऐंशी पोरं एरवी डोक्यात मावत नाहीत.

एकदाच ती तास संपल्यावर टेबलापाशी थांबली. म्हणाली, "मॅडम, मला लिहायचंय. नोकरीसाठी नाही. खाली माझं नाव असेल असं एक तरी, चांगलं. बस."

"अगं, लिही की मग," असं म्हणून मी मस्टर उचललं आणि निघाले.

तिसऱ्या वर्षाला लेखनाच्या पेपरसाठी प्रोजेक्ट असतं. ओळखीच्या एका माणसाचं शब्दचित्र, इंग्रजीत, पाच पानं. मुलं ते कसं करतात हे आम्हाला माहीत असतं आणि माहीत नसल्याचं सोंग आम्ही चोख वठवतो. कुणी नेटवरून आई आणतं, कुणी आजोबा. मीही चहाच्या घोटागणिक एक या वेगानं तपासते. त्या दिवशी धनेश नावाच्या मुलाचं हातात घेतलं आणि चहा तसाच राहिला.

त्यात एका बाईची गोष्ट होती. नाव नव्हतंच, नुसतं 'ती'. ती लहानपणी मिठागरात राबलेली. तिथेच फावडं लागून तिच्या अंगठ्यावर आडवी चीर पडली ती कायमची. विधवा होऊन भावाकडे आली आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत राहून घरादाराची मासळी साफ करू लागली. एक दिवस भावांनी तिला नवी साडी नेसवली आणि गाडीत पुढच्या सीटवर बसवून रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात नेलं. जमीन बिल्डरला द्यायची तर बहिणींनी आपला वाटा भावांना सोडल्याचा कागद लागतो. तो कागद. यंत्र काही तिचा अंगठा घेईना. मग शाईचं पॅड आलं. तीनदा पुसून तीनदा दाबला, तरी ठसा दोन तुकड्यांत उमटला, मधे पांढरी रेघ. परतताना ती मागच्या सीटवर होती. शेवटी एवढंच होतं, की अंगठ्याशेजारी तिचं नाव ज्यानं लिहिलं, त्या माणसाचं अक्षर फार सुंदर होतं, आणि त्यानं तिला काही विचारलं नाही.

साधी, आखूड वाक्यं. एकही शब्द मिरवायला आणलेला नाही. मला हेवा वाटला, अगदी पोटातून.

हे धनेशचं नव्हे, हे सांगायला ज्योतिषी नको. बोलावलं तर लगेच म्हणाला, "सॉरी मॅडम, नेटवरून उचललंय." पुढच्या दोन दिवसांत आणखी दोघांनी तेच जसंच्या तसं आणून दिलं. आणि अगदी शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, जागृतीनं.

तिच्या प्रतीत थोडा फरक होता. काही वाक्यं बदललेली, काही गाळलेली, आणि प्रत्येक ठिकाणी ती आधीपेक्षा बरी झालेली. हे मला दिसलं. दिसूनही मी अर्थ काय लावला, तर पोरगी चलाख आहे, पकडली जाऊ नये म्हणून शब्द फिरवलेत. शब्द फिरवून लेखन सुधारत नाही, हे दहा वर्षं शिकवणाऱ्या बाईला त्या दिवशी आठवू नये!

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि चारही प्रती समोर मांडल्या. त्यांच्याकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे माझं आहे, मॅडम."

"तिघांनी तुझ्याआधी दिलंय, जागृती."

"माहीत नाही. पण माझंच आहे. मी आठ दिवस नीट करत बसलेले, म्हणून उशीर झाला."

"बरं, तुझं आहे ना? मग सांग, कोण आहे ही बाई?"

मी हे फार हुशारीनं विचारलं असं मला तेव्हा वाटलं. तिनं दाराकडे पाहिलं.

मी म्हटलं, "ठीक आहे. चौकशी लावू. पोपटशेठना बोलावते, विभागप्रमुख सर असतील, आपण हे मराठीत वाचून दाखवू त्यांना. लेक किती छान लिहिते ते कळू दे."

"नको, मॅडम." ती घाईघाईनं म्हणाली. "कॉपी केलंय मी. कुठे सही करू?"

मला जिंकल्यासारखं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

कॉपी पकडली की आमच्याकडे हमीपत्र घेतात. छापील मजकूर, 'सदर लेखन माझे नाही. ते मी अन्य ठिकाणाहून घेतले आहे.' खाली विद्यार्थ्याची सही, पालकांची सही, आणि ज्याच्या समक्ष झालं त्या शिक्षकाची. तिन्ही मुलांचे बाप येऊन सही ठोकून गेले. जागृती चौथ्या दिवशी आली, तेव्हा सोबत वडील नव्हते. साठी उलटलेली एक बाई होती, काटक, अंगावर धुवट लुगडं, पायात नव्या चपला.

"आत्या आहे माझी. आवडाबाई," जागृती म्हणाली. "पप्पा साईटवर आहेत."

आवडाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. "पोर लय हुशार हाय, म्याडम," त्या मला म्हणाल्या. "कवा बघावा तवा लिवीत बसलेली." मग कागदाकडे बघत भाचीला म्हणाल्या, "यान काय लिवलाय, बाय?"

"काही नाही गं आत्या. वही उशिरा दिली त्याचं आहे."

जागृतीनं सही केली, स्वच्छ, पूर्ण नावानिशी. मग मी पॅड पुढे सरकवलं. आवडाबाईंनी न सांगता अंगठा पदराला पुसला, शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. उचलला तेव्हा ठसा दोन तुकड्यांत होता आणि मधे पांढरी आडवी रेघ.

"नीट येत नाय माजा," त्या ओशाळून हसल्या. "परत देव का?"

"नको," म्हटलं, "बसा तुम्ही," आणि जागृतीला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं.

"तूच लिहिलंस."

तिनं मान डोलावली.

"मग त्या तिघांकडे कसं गेलं?"

"बंटीकडून." बंटी म्हणजे कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला. "पहिल्यांदा कागदावर कसं दिसतं ते बघायला प्रिंट काढलेली. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं त्याला. तो ठेवून देतो सगळ्यांचं, पहिलं पान बदलून देतो कुणाला हवं असेल तर. सगळ्यांना माहितीये मॅडम. मलाच सुचलं नाही, की माझं कुणाला हवं असेल."

"अगं, मग सांगायचंस ना! आत्ता जाऊ सरांकडे. बंटीचा फोन बघू, तारीख दिसेल."

"आणि मग?" तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "पप्पांना बोलावतील. कुणीतरी मराठीत सांगेल, काय लिहिलंय ते. मी इंग्रजीत लिहिलं मॅडम, कारण आमच्या घरात ते कुणी वाचणार नाही. म्हणून तर खरं लिहिता आलं. पप्पा मला दोन दिवस ओरडतील. पण आत्यानंच सांगितलं म्हणतील, मग ती कुठे जाईल? तिच्या नावावर तर काहीच नाही आता. तिला त्याच खोलीत राहायचंय."

मी दारातून आत बसलेल्या आवडाबाईंकडे पाहिलं.

"दुसरं देते मी लिहून," ती म्हणाली. "सहलीवर."

मी तेव्हा सरांच्या केबिनमध्ये जाऊ शकत होते. पोपटशेठचं नावही न काढता एवढं सांगू शकत होते, की चूक माझी आहे, हे लेखन या मुलीचं आहे आणि इतकं चांगलं या कॉलेजात मी दुसरं वाचलेलं नाही. पण मग चुकीच्या मुलीवर आळ घेतल्याचं उघड झालं असतं, आणि जून दोन महिन्यांवर आला होता. जागृतीनं नको म्हटलं, हे माझ्या पथ्यावर पडलं. शिपाई दारातून डोकावून म्हणाला, सरांना पाचच्या आत कागद हवाय.

आत गेले. आवडाबाई अंगठा पदराला पुसत बसल्या होत्या, शाई काही निघत नव्हती. अंगठा असला की शेजारी नाव लिहावं लागतं, कुणाचा ते कळावं म्हणून. मी पेन उघडलं आणि त्या दोन तुकड्यांच्या बाजूला लिहिलं, 'आवडाबाई'. खाली लिहिलं, 'समक्ष', आणि सही केली.

आवडाबाई वाकून बघत होत्या. वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कौतुकानं मान हलवली.

"किती झ्याक अक्षर हाय तुमचा," त्या म्हणाल्या.

भिंतीशी उभ्या असलेल्या जागृतीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. मी त्या बाईंना काही विचारलं नाही.