फरशीच्या फटीतल्या मुंग्या

परवा कोठीच्या बाजारातल्या दुकानात बोरिक पावडरची पुडी दिसली आणि विद्यानगरचं आमचं भाड्याचं घर आठवलं. तिथे उंबऱ्याबाहेर शहाबादी फरशीच्या फटींतून बारीक मातीचे ढीग वर यायचे, आणि त्यातून निघालेल्या बारक्या काळपट मुंग्यांनी अंथरुणापर्यंत परेशान केलं होतं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. वाचून त्यांची जात ओळखली आणि गुळात बोरिक कालवून फटींपाशी ठेवलं. चार दिवसांत एक मुंगी उरली नाही. ऐटीत आईला सांगायला गेलो, तर ती त्याच फटींपाशी पीठ-साखरेची वाटी घेऊन बसलेली. "बाबा दवाखान्यात गेल्यापासून रोज घालते रे. मुंग्यांचं पोट भरलं तर आजारी माणूस उठतो म्हणतात. कालपासून येईनात." मी म्हणालो, "थंडीनं असेल." ती म्हणाली, "वैशाखात? तुमच्या कॉलेजात हेच शिकवलं का?" पण हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात न्यायचा बाबांचा जेवणाचा डबा ती अर्धाच भरू लागली. महिन्याभरात बाबा गेले. मुंग्या मी मारल्या हे तिला सांगायचं अजून राहिलंय, आणि ती आता काही विचारतही नाही.