जपानी माहितीपत्रकावरचे चौकोन

सोलापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. आमच्या धंद्यात एक आळशी रीत आहे. मराठी फॉन्ट इथल्या सगळ्या प्रेसवाल्यांकडे तेच असतात, म्हणून पीडीएफ करताना फाइलमध्ये फॉन्ट घालायची तसदी कुणी घेत नाही. वीस वर्षं माझं काही अडलं नाही आणि मी स्वतःला उस्ताद समजत राहिलो.

एका टॉवेल कारखानदारांनी जपानी गिऱ्हाइकासाठी माहितीपत्रक करायला दिलं. मजकूर त्यांच्या ऑफिसातल्या मुलीनं लिहिला होता. विणकराची मुलगी, घरी तेलुगू, जपानी हट्टानं शिकलेली. हे काम जमलं तर परदेशी गिऱ्हाइकांचं टेबल तिला मिळणार होतं. मी जपानी फॉन्ट उतरवून घेतला, पानं लावली आणि नेहमीसारखी फॉन्ट आत न घालताच फाइल प्रेसला धाडली. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, तिथं अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. प्रेसवाल्याला वाटलं, जपानी असंच दिसत असेल. त्यानं छापलं आणि गठ्ठे थेट पॅकिंगला गेले.

जपानहून फोटो आला तेव्हा मालकांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "अवो, नुसते चौकोन हायत की. अक्षर एक बी न्हाय."

मला बघताक्षणी कळलं. तोंडातून मात्र निघालं, "माझ्याकडं आलं तसं मी लावलं."

"मी पाठवताना बघितलं होतं, काका," ती म्हणाली. तिच्यापेक्षा माझे केस पांढरे, म्हणून माझं खरं ठरलं. टेबल दुसऱ्याला गेलं. मी दुकानात येऊन गुपचूप फॉन्ट आत घालून नवी फाइल दिली, तर मालक म्हणाले, "तुमी होता म्हणून निभावलं." तेही मी ऐकून घेतलं. आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आठवड्यानं ती वही घेऊन दुकानात आली. "काका, माझं कुटं चुकलं ते दाखवता का? परत व्हायला नको."

मी तिला खुर्ची दिली आणि पीडीएफ करताना फॉन्टपुढं कुठं खूण करायची ते दाखवलं. ती खूण कुणी करायची असते, हे ती आता विचारेल याची मी वाट बघत होतो. तिनं विचारलं नाही. सगळं नीट लिहून घेतलं आणि निघताना, शिकवलं म्हणून, माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.