न लागलेला बावटा

निघायच्या आदल्या दिवशी हर्णैच्या बंदरावर एकाने विचारलंच, "काका, आता सौदीत बावटा लावायला चाललात काय?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, हसा लेको. माझी अख्खी नोकरी बंदर खात्यात गेली. वेधशाळेचा निरोप आला की डोलकाठीवर वादळाचा बावटा चढवायचा, धोका टळला की उतरवायचा. बावटा लावला आणि वादळ दुसरीकडे वळलं, की मच्छीमार माझ्या नावाने बोटं मोडत. असं लागोपाठ दोनदा झालं, की तिसऱ्या खेपेला बावट्याकडे ढुंकूनही न बघता होड्या बाहेर पडत. अंदाज चुकण्यापेक्षा अंदाजावरचा विश्वास उडणं वाईट, हे मला कुणी शिकवायला नको.

माझा मुलगा निलेश रियाधमध्ये सिव्हिल इंजिनिअर. अल मलाझ भागातल्या त्याच्या फ्लॅटवर पोचलो तेव्हा ऑक्टोबर सुरू झाला होता, आणि तरी दुपारी गॅलरीचा कठडा हाताला चटका देत होता. सूनबाईने खिडक्यांना जाड पडदे लावलेले. नात मला "आजोबा, डोन्ट गो आउट" असं बजावून शाळेत जायची. मग मी आणि इंग्रजी वर्तमानपत्र.

त्यात एके सकाळी हंगामाचा अंदाज छापून आला. तिकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून वस्म (हिवाळ्याच्या तोंडावरचा पावसाचा हंगाम) सुरू होतो. यंदा वस्म सरासरीहून जास्त आणि वादळी असण्याचा संभव नाकारता येत नाही, असं हवामान कार्यालयाने म्हटलं होतं. वाक्य वाचून मला हसू आलं. संभव आहे म्हणायचं नाही, नाही असंही म्हणायचं नाही. शिव्या खाल्लेल्या माणसाची भाषा मी बरोबर ओळखतो.

निलेशला दाखवलं तर त्याने पेपर उलटा करून ठेवला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या कंपनीचं बुरैद्याजवळ एका वादीवर (कोरड्या नदीवर) पुलाचं काम चाललं होतं आणि कामगारांचा कॅम्प वादीच्या पात्रातच होता. गेल्या वर्षी याच कार्यालयाने मोठ्या वादळांचा हंगाम सांगितला. निलेशने मुदीरच्या (व्यवस्थापकाच्या) मागे लागून कॅम्प काठावरच्या उंचवट्यावर हलवला. काम रखडलं आणि पावसाचा थेंब पडला नाही. तिथल्या शेतकऱ्यांनीही अंदाज ऐकून खजूर अर्धाकच्चा उतरवला होता, त्यांचा तर संताप झाला. कार्यालयावर वर्तमानपत्रांतून टीका झाली, आणि निलेशला ऑफिसात सगळे 'वेधशाळा' म्हणू लागले. कॅम्प पुन्हा पात्रात गेला.

"यंदा मी तोंड उघडणार नाही, बाबा," तो म्हणाला.

मला ते आवडलं नाही.

शुक्रवारची सुट्टी धरून त्याला साइटवर जायचं होतं, गुरुवारी मी त्याच्याबरोबर निघालो. रियाध सुटलं की रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना तांबूस माती, अधूनमधून उंटांचे कळप, पेट्रोलपंपावरचा गोडमिट्ट चहा. कसीम प्रांत लागला तशी खजुराची बनं दिसू लागली. वादी बघितली तर आमच्याकडच्या पऱ्यासारखी (ओढ्यासारखी), फक्त कितीतरी पट रुंद आणि ठणठणीत कोरडी. तिच्या मध्यावर पत्र्याच्या केबिनी, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी. पात्रात वारा कमी लागतो आणि टँकर थेट दारात येतो, म्हणून कॅम्प तिथे.

आम्ही पोचलो तेव्हा क्रेन आणि पोकलेन एकामागून एक चढ चढून काठावर जात होते. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता माणसंही जातील.

शटरिंगचा फोरमन इब्राहिमभाई पुढे आला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुमी हर्णैचे बावटेवाले काका ना?" तो दापोलीजवळच्या आडे गावचा निघाला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, दाढी पांढरी, हात सुताराचे. परक्या मुलखात आपल्याकडचा माणूस भेटला की जीव कसा भांड्यात पडतो! त्याने मला केबिनमध्ये नेऊन काळा चहा पाजला. गळ्यातल्या रेक्झिनच्या पिशवीत कामगारांचे इकामे (तिथे राहायचे परवाने) होते. नूतनीकरणासाठी गोळा केलेले, रविवारी कंपनीचा माणूस न्यायला यायचा होता. इकामा हरवलेल्या माणसाला तिथे रस्त्यावर उभं राहायचीही चोरी. पोलिसांनी धरलं तर कोण, कुठला, याला पुरावा नाही. त्यामुळे पिशवी तो अंगावेगळी करत नसे, फक्त आंघोळीपुरती उशीखाली ठेवी.

निलेश आला तसं इब्राहिमभाईने विचारलं, "साहेब, मशिनं वर गेली. आमचा कॅम्प कधी चढवायचा?"

निलेशने तिथूनच मुदीरला फोन लावला. त्याचा चेहरा बघूनच मला उत्तर कळलं. विमा कंपनीने हंगामाचा अंदाज वाचून अट घातली होती, की वस्मच्या काळात यंत्रं पात्रात ठेवली तर भरपाई मिळणार नाही. म्हणून यंत्रं वर. माणसांसाठी तशी अट कुणी घातली नव्हती. निलेशने पुन्हा पुन्हा विचारल्यावर मुदीर म्हणाला होता, "मशीनला पाय नसतात. माणसांना असतात."

माझं डोकं फिरलं. मेल्या, मग अंदाज खरा की खोटा? यंत्रांपुरता खरा आणि माणसांपुरता खोटा, असा कुठला अंदाज असतो?

संध्याकाळी निलेश मला बुरैद्याच्या खजूर बाजारात घेऊन गेला. हंगाम ओसरत आला होता, तरी सुक्करी (मधासारखा पिवळा, मऊ खजूर) मुबलक होता. तिथे त्याच्या ओळखीचे अबू सालेह भेटले, वादीकाठी बाग असलेले वृद्ध गृहस्थ. सुहैल तारा, म्हणजे आपला अगस्ती, कधी आणि कसा उगवतो यावरून ते वस्म कसा जाईल ते सांगत, आणि आजूबाजूची गावं कार्यालयापेक्षा त्यांचं ऐकत. तेच सरकारला खुपलं असावं. परवानगीशिवाय कुणी हंगामाचे अंदाज सांगू नयेत, असं म्हणत कुणी अधिकारी येऊन गेला होता. अबू सालेहनी आम्हाला वेलदोडा घातलेला कहवा दिला, माझ्या हातावर खजूर ठेवले. निलेशने वस्मबद्दल विचारलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

"मी आता बोलत नाही," ते म्हणाले. "तसं लिहून दिलंय."

परतताना त्यांची बाग वाटेवर लागली. दोन गडी विहिरीवरचा पाण्याचा पंप उचलून काठावरच्या खोलीत नेत होते. निलेशने गाडी थांबवली आणि बराच वेळ बघत राहिला. म्हणजे विमेवाले अंदाज मानत होते, मुदीर मानत होता, म्हातारा मानत होता. चारचौघांत मात्र कुणीच मानायला तयार नव्हतं.

"मुदीर गेला खड्ड्यात," निलेश म्हणाला. "परवा शनिवारी क्रेनवाले आले की पहिलं काम कॅम्प वर घ्यायचा. नोकरी गेली तर गेली." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इब्राहिमभाईला त्याने तसं सांगितलंही. तो म्हणाला, "शनवार तर शनवार, साहेब. तवर काय नाय होत."

शुक्रवारी आभाळ लख्ख निळं होतं. जुम्म्याच्या नमाजाहून परतलेली माणसं जेवून आडवी झालेली, कुणी कपडे धूत होतं, कुणी केस कापून घेत होतं. मी आणि निलेश काठावरच्या साइट ऑफिसात होतो. पश्चिमेकडे दूर कुठेतरी पाऊस कोसळला असणार, पण इथे त्याचा वासही नव्हता. आधी घरघर ऐकू आली. मला वाटलं, जनरेटर. मग वळणावरून काटेरी झुडपं, फळ्या, मेलेली शेळी ढकलत पाणी येताना दिसलं, आणि आम्ही दोघे ओरडत काठाकडे धावलो.

माणसं पळत वर आली, काही अनवाणी, एक जण तोंडाला साबण लागलेला. इब्राहिमभाईने सगळ्यांना पुढे घातलं आणि स्वतः शेवटी चढला. वर येऊन त्याने माणसं मोजली. सगळी होती. मग त्याचा हात गळ्याशी गेला. तो नुकताच आंघोळ करून झोपला होता. पिशवी उशीखाली राहिली होती.

निलेश ओरडला, "जाऊ दे, भाई! आपण नवे काढू!"

"नवे कोण काढून देतंय, साहेब?" तो म्हणाला आणि खाली गेला. पाणी तेव्हा गुडघ्याएवढंच होतं. तो केबिनमध्ये शिरला, बाहेरही आला, पिशवी डोक्यावर धरून. तेवढ्यात मागून दुसरा लोंढा आला आणि केबिनच जागची उचलली गेली. आम्ही दोर टाकला. तो त्याच्यापर्यंत पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी बचाव पथकाला तो खूप खाली, बाभळींत सापडला. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला होता. इकामे ओले झाले होते, पण सगळे होते. त्याला बुरैद्यातच दफन केलं. मी मूठभर माती टाकली आणि मला रडू आवरेना.

रियाधला परत आल्यावर वर्तमानपत्रांत भांडण जुंपलेलं. कार्यालय म्हणत होतं, आम्ही सांगितलं होतं. लोक म्हणत होते, हेच गेल्या वर्षीही सांगितलं होतंत. आमच्या मुदीरने अहवालात लिहिलं, की अंदाज मोघम असल्याने खबरदारी घेणं शक्य नव्हतं. निलेशने त्याला यंत्रांबद्दल विचारलं. "खलास," मुदीर म्हणाला, संपला विषय. निलेशने राजीनामा दिला. सूनबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, मग तिनेच सामान आवरायला घेतलं.

मी त्यांच्या आधी निघालो. बरोबर इब्राहिमभाईची, पूर ओसरल्यावर गाळातून निघालेली बॅग होती. हर्णैला न थांबता आधी आड्याला गेलो. त्याच्या बायकोला, सकीनाभाभींना फोनवरून कळलेलं होतंच. त्यांनी बॅग उघडली नाही, भिंतीशी नीट उभी केली. मला पाणी दिलं. मग कसं झालं ते विचारलं, आणि मी काही लपवलं नाही. गेल्या वर्षी न आलेलं वादळ, विम्याची अट, वर नेलेली यंत्रं, एका दिवसाने राहिलेला शनिवार, सगळं सांगितलं.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हंजे त्या हापिसाचं यंदा खरं झालं," त्या म्हणाल्या.

"हो, भाभी."

"मग आता पुढच्या वर्षी लोक ऐकतील त्यांचं."

खरा ठरलेला एक अंदाज लोक किती दिवस लक्षात ठेवतात, ते नोकरीभर बावटे लावून मला ठाऊक होतं. मी हो म्हणालो.