मखमल हवालदाराचा थोरला

आमच्या पोलीस लाइनीत हवालदार पैशाला पासरी, पण मखमल एकच. हे नाव त्याला ठाण्यातल्यांनीच दिलं होतं. तळहाताची वाटी करून तो आरोपीच्या कानावर अशी ठेवून द्यायचा की माणूस गुडघ्यांवर यायचा आणि अंगावर ओरखडासुद्धा सापडायचा नाही. कोर्टात दाखवणार काय? नव्या शिपायांना तो हे मोठ्या हौसेनं शिकवायचा, वर चहा पाजायचा. माझा नवराही शिकून आला होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, हा गुण उंबऱ्याबाहेर ठेवायचा.

मखमलनं तो घरात आणला. थोरल्याला खात्यात घालायचं, हे एकच खूळ त्याच्या डोक्यात होतं. पोरगं शाळेत असल्यापासून धावणं, उठाबशा, गणितं; कुठे चुकलं की कानावर. एकदा डाव्या कानातून पाणी आलं, मग पू आला. आईनं कोमट तेल घातलं आणि गुपचूप उशीचा अभ्रा धुतला. तेव्हापासून पोरगं हाकेला उशिरा ओ द्यायला लागलं. "बहिरा झालास काय रे?" असं म्हणून मखमल आणखी एक द्यायचा. तो उजव्या हाताचा, त्यामुळे समोरच्या पोराचा कान दर वेळी डावाच. आमच्या दोन घरांत एकच भिंत, मला सगळं ऐकू यायचं. बाई मध्ये पडली तर तिला म्हणायचा, "तुझ्या लाडानं चोर होईल तो."

चोर झाला नाही. भरतीत धावण्यात पहिला आला, लेखी परीक्षाही काढली. पोलीस व्हायचं हे आता बापाचंच नाही, त्याचंही वेड झालं होतं. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि त्या दिवशी त्याच टेबलाला होते. छाती फुगली, तळपाय ठीक, गुडघे एकमेकांना घासत नव्हते, रंग बरोबर ओळखले. मला बघून हसलासुद्धा. मग डॉक्टरांनी त्याला पाठमोरा केला, उजवा कान बोटानं बंद करायला लावला आणि मागून हळूच म्हणाले, "बावन्न."

तो भिंतीकडे बघत राहिला.

"सत्तर."

शेवटी त्यानं अंदाजानं "तीस" ठोकून दिलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून कानात पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"आत होतास का कधी?"

"कुठे आत, सर?"

"कोठडीत. असे फाटलेले पडदे माझ्याकडे तिथूनच येतात."

पोराचा चेहरा उतरला. "नाही सर. घरी लागलं."

"कोणी मारलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वडिलांनी," तो म्हणाला. "बाहेर बसलेत."

डॉक्टर माणूस बरा होता. म्हणाला, "पडदा बसवता येतो. मी तात्पुरता अपात्र लिहितो, ऑपरेशन करून फेरतपासणीला ये. पण इजा कशी झाली तेही लिहावं लागतं. वडिलांनी कबूल केलं, तर प्रश्न मिटला. नाहीतर मारामारीचा संशय राहील आणि चारित्र्य पडताळणीत तुझं घोडं तिथंच अडेल."

मखमलला आत बोलावलं. कडक इस्त्रीचा गणवेश, हातात मिठाईचा डबा. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "हवालदार, याला तुम्ही कानावर मारलंत का?"

आता खरी मेख सांगते. मखमलची फौजदाराची बढती तोंडावर आली होती. आणि त्याच्या हातचा एक आरोपी, कान गेला म्हणून तक्रार करून बसला होता. पुरावा नव्हता म्हणून ती तक्रार लोंबकळत पडली होती. स्वतःच्या पोराचा पडदा आपण फाडला असं लिहून दिलं, तर त्या माणसाला पुरावा आयता मिळाला असता. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मखमललाही. तरी मला वाटलं, बाप आहे, हो म्हणेल. माझा मूर्खपणा.

थोरला त्याच्या उजव्या हाताला उभा होता, डावा कान बापाकडे. मखमलनं डबा टेबलावर ठेवला, डॉक्टरांकडे वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मी कशाला मारू साहेब? पोरगं उनाड आहे. बाहेर कुठेतरी मार खाऊन आलं असेल. तसंच लिहा."

मेल्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कानाशी वाकून पुटपुटले, "सर, मी शेजारी राहते, हा माणूस खोटं बोलतोय." त्यांनी मान हलवली. बाप नाही म्हणत असताना शेजारणीच्या शब्दावर ते काय लिहिणार? त्यांनी पेन उचललं आणि बापानं सांगितलं तसं लिहिलं.

पोरगं आशेनं एकदा बापाकडे, एकदा त्या पेनाकडे बघत होतं. मग माझ्याजवळ सरकून हसत म्हणालं, "काकू, बाबा हो म्हणाले ना?"

मी त्याच्या उजव्या कानाशी गेले आणि बापाचे शब्द जसेच्या तसे सांगितले.