चार फूट दोन इंच

त्याला ऑफिसात सगळे सूतभर म्हणत. म्हणणारच! लोकांच्या घरांची आतली सजावट करून देणारी ती कंपनी आणि हा तिथला नकाशे काढणारा. कपाट सूतभर डावीकडे, फळी सूतभर वर, हेच दिवसभर तोंडात. एकदा दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडला होता, तोंडात यंत्र फिरतंय, तरी हाताने खुणा चालूच की समोरच्या कपाटाचं दार तिरकं बसलंय. डॉक्टरने उठून माप घेतलं. खरंच तिरकं! असली नजर.

तर त्या ऑफिसात एक रीत होती. दाराशेजारी खिळ्यांची रांग, प्रत्येकाचा मोजायचा टेप तिथे टांगलेला. आल्यावर काढायचा, जाताना अडकवायचा. सुटायची वेळ सहाची, पण साहेबांचा टेप खिळ्यावर गेल्याशिवाय कुणाचा हात उठत नसे. नियम कुणीच केलेला नव्हता, हीच तर गंमत. साहेब प्रेमळ माणूस. "इथे कुणी नोकर नाही, आपण एक कुटुंब आहोत," म्हणायचे आणि कुटुंबाला नऊ-नऊ वाजेपर्यंत बसवून ठेवायचे. कुणी चुकून साडेसहाला टेप अडकवला की टाळ्या पडायच्या. "काय जावईबापू, आज अर्ध्या दिवसाची रजा वाटतं?" माणूस वरमून परत खुर्चीत. सूतभरने अकरा वर्षांत पहिला टेप कधी अडकवला नाही. उलट टाळ्या वाजवण्यात तोच सगळ्यांच्या पुढे.

घरी आई, बायको आणि एक लेक. दीड खोलीचा संसार. आईचा टीव्ही सकाळी लागला की निजेपर्यंत बंद होत नसे. पोरीने अभ्यास करायचा कुठे? बायकोची बहीण तीन तासांच्या अंतरावर राहायची. तिच्याकडे अख्खी खोली रिकामी, शाळाही बरी. बायकोने एक दिवस सरळ सांगून टाकलं.

"अहो, सुट्टी संपायच्या आत तिला एक कोपरा करून द्या. नाहीतर ती मावशीकडेच राहील. मग माझ्यापुढे तोंड पाडून बसायचं नाही."

"लोकांच्या पोरांच्या खोल्या करतो मी," तो म्हणाला. "माझ्या पोरीची नाही होणार?"

आणि मनापासून लागला की कामाला! डबा बाजूला सारून जेवणाच्या सुट्टीत नकाशा काढला. घराची गॅलरी बंद करायची, लांबी सव्वासात फूट. त्यात पलंग, पायथ्याशी पुस्तकांचं कपाट, खाली खण. एक इंच वाया नाही. आता पलंगाला पोरीची उंची हवी. ती त्याच्या वहीत होतीच, मागे कधीतरी भिंतीशी उभी करून घेतलेली. चार फूट दोन इंच. वर सात इंच मोकळे धरून पलंग पावणेपाच फुटांचा केला, उरलेल्या अडीच फुटांत कपाट. लेक सुट्टीत मावशीकडे होती. तिला अचानक दाखवायचं, म्हणून घरात सगळ्यांना ताकीद दिली, कुणी बोलायचं नाही.

ती येणार त्या शनिवारी त्याने चक्क चार वाजता टेप अडकवला. टाळ्या अशा पडल्या की शेजारच्या ऑफिसातले लोक डोकावून गेले. साहेब हसून म्हणाले, "जा जा, घर आधी. फोन तेवढा चालू ठेव."

घरी मिस्त्री शेवटचा हात फिरवत होता. लेक आली. दार उघडून बघितलं, "अय्या!" म्हणाली आणि धावत जाऊन पलंगावर पडली. तिचे पाय कपाटावर धाडकन आपटले. गुडघे दुमडल्याशिवाय मावेना.

"साहेब, सूतभर नाही हो," मिस्त्री हळूच म्हणाला, "चांगली वीतभर गेली."

वहीतलं ते माप नऊ वर्षांच्या पोरीचं होतं. आता तिला तेरावं सरलं होतं. ती सकाळी शाळेला निघायची तेव्हा हा झोपलेला, हा परतायचा तेव्हा ती अंगाचं मुटकुळं करून झोपलेली. रविवारी हा साइटवर. उभी पोर त्याने शेवटची कधी नीट पाहिली, देव जाणे.

"अरे, तुझ्या कानाला लागते ती आता," आई टीव्हीसमोरून म्हणाली. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

लेक आधी खूप हसली. मग उठून बसली. "बाबा, मला नाही, पण आईला तरी विचारायचंस ना."

"कपाट काढू," तो घाईने म्हणाला. "मिस्त्री, किती दिवस लागतील?"

"भिंतीत पक्कं केलंय. पंधरा दिवस धरा. पण तुम्ही रोज इथे उभं राहायला हवं."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, साहेबांचा. तो घेऊन हा जिन्यात गेला. दोनच मिनिटं बोलला असेल. आत आला तर लेक पुस्तकं बॅगेत भरत होती.

"मी मावशीकडून रविवारी येत जाईन," ती म्हणाली.

"रविवारी यांची साइट असते," बायको म्हणाली. "पण तू ये गं. आजी आणि मी असतो घरी."

बॅग उचलून तो खाली निघाला. ती फार जड होती. लेकीने हिवाळ्याचे कपडेही भरले होते.