हनीफा-ओपांच्या वीस सुऱ्या

आमच्या मोहल्ल्यात सुरी विकत घ्यायची तर हनीफा-ओपांना, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या बहिणीला, सोबत न्यायचे, हा प्रघात किती वर्षांचा आहे हे कुणी सांगू शकणार नाही. कुरणावर निघालेला मेंढपाळ, वेगळी चूल मांडणारी सून, हंगामात रस्त्याकडेला खरबुजे विकणारा, सगळ्यांची गरज एकच असते. सुरी स्वस्त हवी, रोजच्या कामाला यावी आणि हरवली तर जीव जळू नये. आमच्या शाहरीखान शहराच्या बाजारात अशा सुऱ्यांचे ढीग असतात. त्या ढिगातून चांगली सुरी वेगळी काढणे हे नक्षीदार, महागड्या सुरीची पारख करण्याहून अवघड आहे, कारण तिथे किमतीवरून काहीच कळत नाही.

ओपांनी तीस वर्षे रेशीम कारखान्यात कोशांचे धागे उकलले. नजरेला न दिसणारी गाठ बोटांना लागते, हे त्या तिथे शिकल्या. सुरी घेताना त्या पात्यावर नखाने टिचकी मारून कानाशी धरत. आवाज बद्द आला तर पात्याला तडा किंवा मूठ सैल. मग धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून दाबत. मऊ पोलाद वाकून तसेच राहते, चांगले पुन्हा सरळ होते.

या शरदात मोहल्ल्याच्या सामाईक सुऱ्या झिजून गेल्या होत्या आणि निशोनबॉयच्या मुलीचे लग्न दोन दिवसांवर आले होते. लग्नाच्या पुलावासाठी आमच्याकडची पिवळी गाजरे साठ किलो चिरायची होती. मोहल्ल्याचे वडीलधारे सोबिर-अका यांनी नव्या वीस सुऱ्यांचे काम ओपांवर सोपवले. गेल्या हिवाळ्यापासून ओपांच्या दोन्ही डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता, हे सोबिर-अकांनाही ठाऊक नव्हते आणि पिशवी धरायला सोबत गेलेल्या मलाही नव्हते. हे कळले तर आपल्याला पुन्हा कुणी बाजारात पाठवणार नाही, या एका धास्तीने ओपांनी ते लपवले होते.

त्या दिवशी बाजारात एर्गशच्या दुकानी एकोणीस सुऱ्या निवडायला अर्धी सकाळ गेली. नाकारलेल्या सुऱ्यांचा ढीग वाढत चालला तसा एर्गश वैतागला.

"ओपा, सुरी घेताय की सून बघताय?"

"सून बघताना एवढा वेळ घेतला नाही, म्हणून तर सुरीला घेतेय," ओपा म्हणाल्या.

एर्गश हसला. मग जरा वाकून म्हणाला, "पण आज तुम्ही पात्याकडे एकदाही बघितलं नाहीत."

ओपांचा हात थबकला. विसावी सुरी त्यांनी उजेडात धरली, सगळी गिऱ्हाइके करतात तशी तिरकी केली, मान डोलावली आणि टिचकी न मारताच पिशवीत टाकली. दमल्या असतील, असे मला वाटले.

लग्नाच्या आदल्या दुपारी निशोनबॉयच्या अंगणात गाजरे चिरायला माणसे बसली. ओपा चहा ओतत होत्या. थोड्याच वेळात बसचालक तुर्गुनच्या हातातली गाजरे कापली जाण्याऐवजी मोडू लागली. धार यावी म्हणून त्याने पेला पालथा घालून त्याच्या बुडावर सुरी घासली, पण उपयोग झाला नाही. ह्या सुरीला गाजराची दया येतेय, असे तो म्हणाला, तेव्हा सगळे त्याच्यावरच तुटून पडले. स्टिअरिंग धरून त्याचा हात लाकूड झालाय, ओपांच्या सुरीला काय होणार, असे चहूकडून ऐकू आले. तुर्गुनलाही ते पटले असावे, कारण त्याने मान खाली घालून हात आणखी जोराने चालवला.

ओपा गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी किटली खाली ठेवली आणि तुर्गुनला सुरी चटईवर ठेवायला सांगितली. आमच्याकडे सुरी हातातून हातात देत नाहीत. मग ती उचलून त्यांनी धार नखावर टेकवली.

"तुर्गुन, तुझा हात चांगला आहे. सुरी मऊ निघाली. ही एकच मी डोळ्यांनी घेतली, आणि डोळे माझे गेलेत."

सोबिर-अकांनी विचारले, "आणि बाकीच्या एकोणीस?"

"त्या बोटांनी घेतल्यात."

अकांनी आपल्या हातातल्या सुरीकडे पाहिले, मग समोर साचलेल्या पिवळ्या गाजरांच्या राशीकडे. "वसंतात मेंढपाळांना पंधरा लागतील," ते म्हणाले. "जाल ना?"

"जाईन. पण आधी एर्गशला सांगून टाकते. त्याच्यापुढे बघितल्याचं सोंग आणायला नको."

निशोनबॉयने घरातून आपली जुनी सुरी आणून तुर्गुनपुढे ठेवली. तुर्गुनने ती ओपांपुढे सरकवली, आधी तुम्ही बघा म्हणाला, आणि बसायला जागा करून दिली. ओपांनी टिचकी मारली, कान लावला आणि त्याच सुरीने स्वतःच चिरायला सुरुवात केली. त्या कुठेच पाहत नव्हत्या. गाजराच्या काड्या मात्र एका जाडीच्या पडत होत्या, आणि शेजारी बसलेला तुर्गुन किटली उचलून सगळ्यांना चहा देऊ लागला.