नावापुरती जागा

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात पेढे वाटायची फार हौस. कोणाला व्हिसा मिळाला, वाटा पेढे. कोणाचं प्रमोशन झालं, वाटा पेढे. त्या सोमवारचा पेढा मात्र मी खाल्ला नाही.

आमचा प्रोजेक्ट होता परदेशातल्या एका क्लायंटसाठी, हॉस्पिटलातल्या सलाइनच्या पंपाचा. औषध पेशंटच्या शिरेत किती वेगाने जायचं, ते हा पंप ठरवतो. त्याचा सगळा कोड सी भाषेत. या भाषेची एक खोड आहे. मजकूर एका जागेतून दुसऱ्या जागी उतरवताना तो तिथे मावेल का, हे ती स्वतः बघत नाही. लिहिणाऱ्याने बघायचं. नाही बघितलं तर जास्तीची अक्षरं शेजारी घुसतात आणि तिथे जे असेल त्याची वाट लावतात. असे धोके हुडकायला स्कॅनर असतो. तो सगळ्या कोडमधून फिरून संशयास्पद ओळी दाखवतो. त्या एकेक वाचून निकाल द्यायचं काम माझं होतं आणि रिपोर्टवर सहीही माझीच.

शुक्रवारी स्कॅनर चालवला तेव्हा इशाऱ्यांची पानंच्या पानं निघाली होती. सोमवारी बघते तर एकही इशारा नाही! टीम लीडने हसत पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. मी कोड उघडला. ‘ही ओळ तपासली आहे, ठीक आहे’ असं स्कॅनरला सांगायची एक खूण असते. ती लिहिली की तो ती ओळ सोडून पुढे जातो. टीममधल्या बहाद्दरांनी ती खूण सगळ्या धोक्याच्या ओळींना सरसकट चिकटवली होती. वाचली एकही नव्हती.

मला किळस आली. चुका मीही करते. पण चूक दाखवणाऱ्याचेच डोळे बांधायचे आणि वर तोंड गोड करायचं, हा निर्लज्जपणा होता.

टेबलावर चाचणीचा पंप होता, पाण्याची बाटली लावलेला. पेशंटचं नाव म्हणून सगळे नुसतं ‘टेस्ट’ टाइप करायचे. मी माझ्या आत्याचं नाव टाकलं, रेशनकार्डावर असतं तसं: तिचं नाव, त्याला बाई, मग नवऱ्याचं, त्याला राव, मग आडनाव. नाव ठरलेल्या जागेत मावलं नाही आणि पंप हँग झाला. बंद करायचं बटण दाबलं तरी मोटर चालूच, पाणी पडतंच आहे. शेवटी मी प्लग उपटला.

“अहो मॅडम, तिकडे एवढी लांब नावं नसतात कोणाची,” लीड म्हणाला. तोंडात पेढा होताच.

“मी सही करणार नाही.”

“नका करू. ‘तपासणी कोणी केली’ तिथे स्कॅनरचं नाव घालतो.”

आणि खरंच घातलं. क्लायंटकडून शाबासकी आली. मी क्लायंटला सरळ मेल लिहिला, तर त्यांनी तो ‘कृपया बघावे’ म्हणून लीडलाच पाठवून दिला. त्याने बघितलं आणि मला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं.

काही महिन्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. तोच पंप आता भारतात विकायचा होता, सुरुवात पुण्यातल्या हॉस्पिटलांपासून. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मला त्या घोळक्यात उभं राहवेना.

“आता नावांचं काय करणार?” मी सगळ्यांदेखत विचारलं.

“आडनाव पुरे आहे. तेवढंच टाकायला सांगू,” स्लाइड दाखवणारा लीड म्हणाला.

माणसाचं आडनाव कळलं की झालं, असं मानणारे या शहरात मी पुष्कळ पाहिलेत. मशीनला कोणी ते शिकवेल असं वाटलं नव्हतं.

“अहो, जनरल वॉर्डात एका आडनावाचे चार-चार पेशंट असतात. एकाचं औषध दुसऱ्याला गेलं तर?”

“ते नर्सने बघायचं,” तो म्हणाला आणि त्याने पुढची स्लाइड लावली.